किराण्याची वही कोणाच्या घरी?

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस देशाचे अंदाजपत्रक दिल्लीस मांडले जाते आणि त्यावर आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. कोणत्या खात्यास किती मिळाले, तूट किती राहिली, कर्ज किती वाढले, ह्याविषयी चहाच्या दुकानापासून वकिलांच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाचे काही ना काही मत असते. परंतु त्याच गृहस्थास, "आपल्या घरी गेल्या महिन्यात तेल किती लागले?" असा साधा प्रश्न विचारला, तर तो माजघराकडे पाहतो, आणि आतून उत्तर येते ते हे की, "दुकानदारास विचारा, त्याच्या वहीत असेल." देशाची तूट ज्यास तोंडपाठ आहे, त्याच्या घरची तूट मात्र दुकानदाराने सांगावी, ही गोष्ट वरवर पाहता हसण्यावारी नेण्यासारखी आहे खरी. परंतु जेथे ती हसण्यावारी न जाता थेट पोटावर येते, अशी गावे आमच्या मराठवाड्यात थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी एकाच्या निमित्ताने ह्या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. सोयाबीन, कापूस आणि ऊस ही ह्या बाजूची नगदी पिके. आणि ऊसतोडीस बाहेर जाणे हा ह्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचा दुसरा हंगाम. ह्या मुलखात पैका कसा येतो ते प्रथम पाहावे. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, कापसाचा त्यामागून येतो, आणि उसाचा कारखाना देईल तेव्हा व देईल तसा येतो. ऊसतोड्याचा पैसा तर काम करण्यापूर्वीच, उचल ह्या नावाने मुकादमाकडून एकदम हाती पडतो आणि पुढे सहा महिने तो कोयत्याने फेडावा लागतो. शाळामास्तर, पोलीस आणि बँकेतील कारकून एवढ्यांसच काय तो महिन्याच्या महिन्यास पगार. बाकी सर्वांचे उत्पन्न हंगामाचे आणि भूक मात्र रोजची! ह्या दोहोंच्या मध्ये जी दरी पडते, ती महिन्याच्या अंदाजपत्रकाने भरून काढावयाची असते. ते अंदाजपत्रक घरात नसले म्हणजे ती दरी दुकानदाराची उधारी भरून काढते. उधारी हीच आमच्या खेड्यांतील खरी अर्थव्यवस्था होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, दुकानदारास दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. दुष्काळी वर्षात सरकारी मदत वेशीपर्यंत येण्याआधी पायलीभर ज्वारी आणि पावशेर तेल घरात पोहोचते, ते त्याच्याच भरवशावर. त्याचे भांडवल सहा सहा महिने गिऱ्हाइकाच्या घरी अडकून पडते. वरच्या घाऊक व्यापाऱ्यास मात्र त्यास मुदतीत पैसे द्यावे लागतात. आणि बुडित खात्याचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर असतो. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. व्यवहार दोघांचा, परंतु वही एकाची! घेणाऱ्याच्या घरी लिहिलेला एक अंक नसतो. मुलगा पुडी घेऊन येतो, सासरे तंबाखू घेऊन येतात, घरधनी रात्री पाहुण्यांसाठी साखर घेऊन येतो, आणि प्रत्येक जण "मांडून ठेवा" म्हणून निघून जातो. दिवाळीस बेरीज होते तेव्हा ती खरी की खोटी हे सांगण्यास घरात कोणीच समर्थ नसतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्याविषयी संशय उत्पन्न होतो, आणि अप्रामाणिक असला तर तो संशय सिद्ध करता येत नाही. ज्या हिशेबाची दुसरी प्रत नाही त्याने दोघांचेही नुकसान होते.

उधारीची किंमत किती पडते, हे उदाहरणाने पाहू. समजा, एका घराचा महिन्याचा किराणा चार हजार रुपयांचा आहे आणि उधारीवर घेतल्यामुळे रोखीपेक्षा शेकडा पाच अधिक पडतात. म्हणजे दरमहा दोनशे आणि वर्षास दोन हजार चारशे रुपये झाले. ह्याचा अर्थ असा की, ते कुटुंब बारा महिने खाऊन साडेबारा महिन्यांहून अधिक दिवसांचे पैसे देते. ह्या जादा पैशात घरी एक दाणाही आलेला नसतो. शिवाय जेथे खाते आहे तेथूनच माल घ्यावा लागत असल्यामुळे पलीकडच्या दुकानी डाळ स्वस्त असली तरी तिचा उपयोग होत नाही. भाव विचारण्याचा हक्क रोखीवाल्याचा. उधारीवाला तो हक्क आपण होऊन सोडून देतो.

येथे कोणी म्हणेल की, ही खेड्यांतील अडाणीपणाची गोष्ट आहे, शहरास तिचे काय? त्यांनी शंभर वर्षांपूर्वीची मुंबई आठवावी. १९२१ साली मुंबई सरकारने मजूर कचेरी स्थापन केली आणि तिच्यातर्फे फिंडले शिरास ह्यांनी गिरणगावातील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात असे दिसून आले की, कुटुंबाच्या खर्चापैकी शेकडा ५७ च्या जवळपास खर्च एकट्या अन्नावर होतो आणि शेकडा ४७ कुटुंबे कर्जात आहेत. गिरणीत पगार महिन्याचा होता, तरी वाण्याचे खाते चालूच होते. महिन्याचा पगार असणे आणि महिन्याचे अंदाजपत्रक पाळणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या अहवालाने कायमचे सिद्ध करून ठेविले आहे.

आता आजची स्थिती पाहू. केंद्र सरकारने २०२३-२४ साली केलेल्या घरगुती खर्चाच्या पाहणीप्रमाणे हिंदुस्थानातील ग्रामीण माणसाचा सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये आहे व त्यांपैकी शेकडा ४७ भाग अन्नाचा आहे. परंतु ह्या पाहणीतील विचार करण्याजोगा आकडा दुसराच आहे. १९९९-२००० साली ग्रामीण घराच्या खर्चात शेकडा २२ च्या सुमारास भाग धान्याचा होता, आणि चहा, सरबते, बिस्किटे, फरसाण, बाहेरचे तयार खाणे ह्या सदराखाली शेकडा ४ च्या आसपास खर्च होई. २०२३-२४ मध्ये धान्याचा भाग शेकडा ५ वर आला, आणि तयार खाण्यापिण्याचा शेकडा १० च्या जवळ गेला. धान्याचा भाग उतरण्यास स्वस्त धान्य दुकानाची मोठी मदत झाली आहे, हे उघड आहे. आणि दुधावर, फळांवर पूर्वीपेक्षा अधिक खर्च होत असेल तर तो आनंदाचाच विषय होय. परंतु जे घर जोंधळ्यावर एक रुपया खर्च करते तेच घर पुडीतल्या खाण्यावर आणि हॉटेलातल्या चहावर दोन रुपये खर्च करू लागले आहे, ही गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही. सरासरीच्या मापाने पाच माणसांच्या घरात ह्या एका सदराचे महिन्यास सुमारे दोन हजार रुपये होतात.

हे दोन हजार कोण खर्च करतो? येथेच आम्हांस आमच्या सुशिक्षित पुरुष वाचकांशी थोडे स्पष्ट बोलावे लागणार आहे. काटकसरीचा उपदेश करावयाचा झाला म्हणजे तो नेहमी चुलीपुढे बसलेल्या बाईस केला जातो. तेल जपून घाल, साखर कमी टाक, पाहुण्यास अर्धाच पेला दे, इत्यादि. जणू काय घराची तूट फोडणीतूनच निघते! वास्तविक फोडणीतील तेल मोजलेले असते, कारण ते डब्यात दिसते. न मोजलेले असते ते घराबाहेरचे: बसथांब्यावरचे चार चहा, सोबत्यांसाठी मागविलेली भजी, तंबाखूची पुडी, आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही तोंडातून न गेलेला गुटखा. हा खर्च किराण्याच्या वहीत नसतो, घरातील बोलण्यात नसतो आणि मनातही नसतो. परंतु खिशातून तो जातच असतो. जो खर्च लिहिला जातो त्याने अंदाजपत्रक कधी मोडत नाही. न लिहिलेला खर्चच ते मोडतो. तेव्हा घरात वही ठेवावयाची ती स्वयंपाकघराची झडती घेण्यासाठी नव्हे. घरातील प्रत्येकाने, आणि कर्त्या पुरुषाने सर्वांच्या आधी, आपला खर्च त्या वहीत मांडावा ह्यासाठी.

ही वही बाईच्या हाती असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरात किती आहे आणि काय संपले हे जिला रोज ठाऊक असते, तिलाच पैसे किती आहेत हे ठाऊक नसावे, ह्यापेक्षा विपरीत कारभार तो कोणता? "बायकांस हिशेब कळत नाही" ही सबब आता उरलेली नाही. राज्याच्या उमेद अभियानास २०११ साली सुरुवात झाली. त्याच्या व इतर संस्थांच्या बचतगटांतून खेड्यांतील बायका बचत, कर्ज, हप्ता आणि व्याज ह्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवीत आल्या आहेत. जिला दहा घरांचा हिशेब कळतो तिला आपल्या घरचा कळत नाही असे म्हणणे म्हणजे तिच्या बुद्धीचा नव्हे, आपल्याच अप्रामाणिकपणाचा पुरावा देणे होय. २०२४ च्या जुलैपासून राज्य सरकारने पात्र स्त्रियांच्या बँकखात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा करण्याची योजना सुरू केली. त्या योजनेविषयी राजकीय मते काहीही असोत, हंगामी उत्पन्नाच्या पुष्कळ घरांत महिन्याच्या मापाने येणारा पैसा तेवढाच आणि तोही बाईच्या नावाचा, ही गोष्ट लहान नाही. तो तिच्या हातून घेऊन खिशात टाकणाऱ्या नवऱ्याने आपण घरातील एकुलते एक मासिक उत्पन्न मोडीत काढीत आहो हे ध्यानात धरावे.

आता प्रत्यक्ष अंदाजपत्रक कसे करावे? आमच्या मते त्याच्या पायऱ्या चार आहेत आणि त्यांपैकी एकही अवघड नाही.

पहिली पायरी, हंगामाचा पैसा बारांनी भागणे. समजा, पिकाचा खर्च व देणी वजा जाऊन घरात एक लाख वीस हजार उरले. तर ते एक लाख वीस हजार नव्हेत, दहा हजारांचे बारा महिने होत. रक्कम बँकेत किंवा टपालकचेरीत ठेवावी आणि पहिल्या तारखेस दहा हजारच काढावे. पाहणीतील प्रमाण धरले तर त्यांपैकी पावणेपाच हजारांच्या आसपास खाण्याचे. पैसा एकदम दिसला म्हणजे तो मोठा वाटतो आणि लग्न, बारसे, नवी मोटारसायकल सर्व काही त्यात बसेल असा भास होतो. बारांनी भागल्याबरोबर तो भास नाहीसा होतो.

दुसरी पायरी, पैशाआधी माप ठरविणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी माणशी रोज २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सांगितले आहे. पाच माणसांच्या घरास तीस दिवसांचे हे साडेसदतीस किलो धान्य, पावणेतेरा किलो डाळी आणि चार किलो तेल होते. अंगमेहनत करणाऱ्यास धान्य ह्याहून अधिक लागते, हे वेगळे सांगावयास नको. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. म्हणजे पंचवीस किलोची सोय तेथेच झाली. उरलेली तूट घरच्या ज्वारीने भरावी. परंतु हे माप घेऊन आपापल्या घरातील डबे पाहिले तर पुष्कळांस असे आढळेल की, तेलाचा डबा प्रमाणाहून मोठा आणि डाळीचा निम्म्यानेही नाही. खर्च कमी करणे म्हणजे डाळ कमी करणे, हा जो समज रूढ झाला आहे त्याने पैसा वाचत नाही, मुलांची वाढ खुंटते. डाळ आधी भरावी, मग बाकीचे.

तिसरी पायरी, महिन्याचे सामान पहिल्या तारखेस एकदम आणि शक्य तितके रोखीने आणणे. धान्य, डाळ, तेल, मीठ, मिरची, साखर, चहा, साबण एवढे एकदा आले म्हणजे दुकानाच्या पायरीवर रोज चढावे लागत नाही. आणि रोज चढावे लागले नाही म्हणजे यादीत नसलेली पुडी घरात येत नाही. भाजी-दुधाचे पैसे चार आठवड्यांचे चार भाग करून वेगळे ठेवावे.

चौथी पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित आहे. पंधरा तारखेस डबे उघडून पाहावे. चार किलो तेल आणले असेल तर त्या दिवशी दोन किलो उरले पाहिजे. उरले नसेल तर पुढचे पंधरा दिवस कसे काढावयाचे ह्याचा विचार त्याच रात्री करावा. महिनाअखेरीस डबा खडखडला म्हणजे होणारा विचार हा विचार नव्हे, ती उधारी होय.

ह्यावर एक आक्षेप येईल व तो वजनदार आहे. ज्याच्याजवळ वाटून घेण्यास काही नाही, त्यास वाटणीचे गणित शिकविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय? आम्ही नम्रपणे सांगतो की, अंदाजपत्रकाने दारिद्र्य जात नाही आणि तसा दावा करणाऱ्याचा आम्ही निषेधच करू. परंतु हिशेबाचा एक उपयोग ह्याहून मोठा आहे. वर सांगितलेल्या १९२३ च्या अहवालात कुटुंबांच्या आहाराचे माप घेऊन असा निष्कर्ष काढण्यात आला होता की, मुंबईच्या कामकऱ्यास मिळणारे अन्न तुरुंगातील कैद्यास नियमाप्रमाणे मिळणाऱ्या अन्नाहूनही कमी आहे! हे वाक्य कोणा पुढाऱ्याच्या भाषणातून निघाले नाही; ते घरोघरच्या तेलमिठाच्या आकड्यांतून निघाले. ज्याच्या घरी वही आहे तो, "एवढ्या मजुरीत पोट भरत नाही" हे केवळ रडून सांगत नाही, दाखवून देतो. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात शेकडा ३४ ची वाढ ठरली, ती पुष्कळ वर्षांच्या मागणीनंतर ठरली. पुढची मागणी करावयाची तेव्हा आपल्या कुटुंबास महिन्यास काय लागते हे कामगार लेखी मांडू शकेल, तर त्याच्या मागणीस बळ येईल.

आणि हे लिहिण्याचे खरे कारण तर पुढेच आहे. दिवाळीस लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी नव्या चोपडीची पूजा करतो आणि जुन्या वहीची बेरीज ओढतो. त्याच सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. एका हाताने मुकादमाची उचल घ्यावयाची आणि दुसऱ्या हाताने दुकानाची वर्षाची उधारी चुकवावयाची, असे असंख्य घरांत घडते. पुढील वर्षाची मजुरी मागील वर्षाच्या तेलमिठात जाते. कारखान्याच्या तळावर पोहोचल्यावर पुन्हा खाण्यापिण्यास नवा पैसा लागतो, तो पुन्हा मुकादमाच्या वहीत चढतो. आपली शिधापत्रिका परगावीही चालते, हे पुष्कळांस ठाऊक नसल्यामुळे हक्काचे धान्य गावीच राहते. धाकट्यास सांभाळण्यास कोणी हवे म्हणून थोरल्या मुलीस बरोबर नेले जाते. तिच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली तरी उपयोग होत नाही. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे ज्या रिकाम्या चौकटी पडतात, त्यांचा आरंभ दुकानाच्या वहीतील "मांडून ठेवा" ह्या दोन शब्दांत असतो. चार हजारांच्या किराण्याचा प्रश्न तो हा असा आहे.

म्हणून दिंद्रुडच्या, आणि दिंद्रुडसारख्या प्रत्येक गावच्या, व्यापाऱ्यांस आमची विनंती आहे. येत्या पाडव्यास आपल्या पेढीवर नवी चोपडी घालाल तेव्हा प्रत्येक खातेदारास एक लहान वही आपल्या दुकानातर्फे द्यावी, आणि जे आपल्या वहीत मांडाल ते त्याच दिवशी त्याच्या वहीतही मांडावे: जिन्नस, वजन, दर आणि रक्कम. रोखीचा दर व उधारीचा दर निराळा असेल तर तसा लिहावा. ह्याने खाते बुडत नाही. जो आपले देणे रोज पाहतो तो बेताने घेतो, आणि जो बेताने घेतो त्याच्याकडून वसूल होते. गिऱ्हाईक कर्जात बुडाले म्हणजे दुकान तरते, हा हिशेब चुकीचा आहे, हे दुष्काळाच्या कोणत्याही वर्षाने व्यापाऱ्यांस शिकविले आहे.

आणि गृहस्थांस एवढेच सांगणे आहे की, दुकानदाराने वही दिली नाही तरी ती विकत आणावी. तिच्यास फार पैसे पडत नाहीत. ती देव्हाऱ्यात न ठेवता चुलीजवळच्या फळीवर ठेवावी, तिच्या पहिल्या पानावर घरधन्याने आपल्या हाताने आपल्या चहा-तंबाखूचा आजचा खर्च लिहावा, आणि मग लेखणी घरच्या बाईच्या हाती द्यावी.